काँक्रीट "सुकलं" म्हणजे झालं? नाही हो!

आमच्याकडे मालवणपासून गुहागरपर्यंत घराचं काम काढलं आणि अंगणात, पायवाटेला काँक्रीट टाकलं की कोणीतरी सांगतंच, "इथली हवाच दमट, पाणी मारायची गरज नाय, दोन दिवसात सुकतंय." कृपा करून हे ऐकू नका.

काँक्रीट सुकून घट्ट होतच नाही, सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणजे ते लवकर सुकलं तर उलट कच्चंच राहतं. आणि दमट हवेचं म्हणाल तर कामं निघतात डिसेंबर ते मे मधे, दुपारचं ऊन आणि खारा वारा वरचं पाणी भराभर ओढून घेतो, मग बारीक भेगा पडतात, वरचा थर पिठासारखा सुटतो आणि जूनच्या पावसात पागोळ्या पडतात तिथे खड्डे होतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा पाहिजे, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेलं पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) १० दिवस, आणि आपल्याकडे बहुतेक गोणी पीपीसीच्याच असतात, गोणीवर लिहिलेलं असतं, बघा.

रोज दोनदा पाईप फिरवून भागत नाही, मधे ते कोरडं पडतं. ओली गोणपाटं नाहीतर पेंढा पसरा, किंवा कडेने मातीची आळी करून पाणी साठवा. किनाऱ्याजवळची विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको, विशेषतः आत सळ्या असतील तर, मिठाने सळी गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते.