एचपीव्हीचा टाइप ओळखणं वेगळं, व्हेरियंट शोधणं वेगळं

एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला विषाणू. त्याच्या तपासणीच्या अहवालावर ‘एचपीव्ही १६ आढळला’ असं लिहिलेलं दिसलं की पुष्कळ जण त्या १६ लाच व्हेरियंट म्हणतात. कोविडनंतर हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी बसलाय, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण १६ हा टाइप झाला. व्हेरियंट असतात ते त्या टाइपच्या पोटात, आणि ते शोधायची रीतही निराळी.

विषाणूचं कवच घडवणारं एल१ हे जनुक आधी माहीत असलेल्या प्रत्येक टाइपपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वेगळं निघालं, तर नवा टाइप धरतात. असे दोनशेहून अधिक टाइप नोंदले गेलेत. त्यांतले कर्करोगाशी पक्के जोडले गेलेले डझनभरच. एकाच टाइपच्या दोन विषाणूंच्या अख्ख्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकीय क्रमात) साधारण १ ते १० टक्के फरक असेल तर शाखा वेगळी, ०.५ ते १ टक्का असेल तर उपशाखा. एचपीव्ही १६ च्या ए, बी, सी, डी अशा चार शाखा आहेत. त्या दरवर्षी नव्या उगवत नाहीत. हा डीएनए विषाणू आपल्याच पेशीची, चुका दुरुस्त करत जाणारी यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो, त्यामुळे फार सावकाश बदलतो.

टाइप ओळखायला बहुतेक ठिकाणी रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवत तो मोजणारी चाचणी, वापरतात. नेहमीच्या किटमध्ये १६ आणि १८ स्वतंत्र दिसतात, धोक्याचे बाकीचे टाइप एकत्र मोजले जातात. उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच. इथली मेख अशी, की प्रायमर आणि प्रोब (विषाणूच्या डीएनएला नेमके चिकटणारे छोटे तुकडे) मुद्दाम त्या टाइपच्या सगळ्या विषाणूंमध्ये सारख्याच असलेल्या जागी बसवलेले असतात. नाहीतर एखाद्या शाखेचा संसर्ग निसटून जाईल. म्हणजे व्हेरियंटमधला फरक दिसू नये, अशीच या चाचणीची रचना असते.

व्हेरियंटसाठी मात्र डीएनएची अक्षरं (ए, सी, जी, टी) एकेक करून वाचावी लागतात. एचपीव्ही १६ च्या जीनोममध्ये सुमारे ७,९०० अक्षरं आहेत. त्यांतलं ३५० क्रमांकाचं अक्षर ई६ जनुकात येतं. संदर्भ क्रमात तिथे टी आहे, काही विषाणूंत जी, आणि तेवढ्यानं प्रथिनातलं ८३ वं अमिनो आम्ल ल्युसीनऐवजी व्हॅलीन होतं. सँगर सिक्वेन्सिंग या अक्षरं वाचायच्या जुन्या पद्धतीच्या आलेखात त्या जागी एक ठळक शिखर दिसतं. नमुन्यात दोन्ही विषाणू असतील तर दोन रंगांची शिखरं एकावर एक येतात. पण त्यांतला एक १५-२० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो पार्श्वभूमीच्या गोंगाटात हरवतो. नेक्स्ट-जनरेशन सिक्वेन्सिंग तीच जागा शेकडो-हजारो वेळा वाचतं, म्हणून काही टक्क्यांचा व्हेरियंटही सापडतो. शिवाय अख्खा जीनोम हाती लागतो, आणि माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं. कारण ३५० वरचं ‘जी’ अक्षर ‘ए’ शाखेतल्या काही विषाणूंतही असतं आणि डी शाखेतही. एका अक्षरावरून शाखा ठरवणं धाडसाचंच.

खरी डोकेदुखी पॅराफिन ब्लॉकमधल्या, म्हणजे फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या, जुन्या ऊतींची. फॉर्मलिननं डीएनएचे तुकडे पडतात, त्यामुळे लहान-लहान भागच वाढवता येतात. त्यातच सी अक्षर खराब होऊन टी म्हणून वाचलं जातं. पंचाईत अशी, की आपल्या पेशीतली अपोबेक नावाची विकरं (एन्झाइम) विषाणूत नेमका हाच सी-चा टी असा बदल खरोखरच करतात. मग खरा कुठला आणि फॉर्मलिनचा कुठला? आधी यूडीजी हे खराब झालेली सी अक्षरं काढून टाकणारं विकर वापरलं तर खोटे बदल पुष्कळ कमी होतात. तरी त्याच ब्लॉकमधून पुन्हा डीएनए काढून निकाल ताडून पाहिलेला बरा.

रुग्णाचा पुढचा मार्ग सध्या टाइप ठरवतो: १६ किंवा १८ निघाला तर सहसा थेट कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी). डी२, डी३ या उपशाखांमध्ये ग्रंथीपेशींच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचं अभ्यासांत दिसलंय, पण त्यावरून उपचार बदलत नाहीत.

गाठीच्या नमुन्यात टाइपची चाचणी निगेटिव्ह आली, तर ती कुठल्या जनुकावर बेतलेली होती ते विचारावं. विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात शिरताना एल१ कधीकधी गळून पडतं; ई६ आणि ई७ ही जनुकं मात्र टिकून राहतात.