स्लाइडचे कोपरे काळे का पडतात?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी (जैन मंदिर) बघितलीय ना? सन १२०४ ची, आत अंधार आणि छताला दगडात कोरलेलं ते कमळ. तिथं स्लाइड फिल्म (धुतली की थेट खऱ्या रंगात दिसणारी, प्रोजेक्टरवर बघायची फिल्म) वापरायची तर २४ मिमीची एफ १.४ वाली वाइड लेन्स म्हणजे वरदान (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), एफ ४ पेक्षा आठपट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथं पाव सेकंद शटर उघडं ठेवायला लागलं असतं तिथं १/३० सेकंदात काम होतं. पण स्लाइड धुऊन आली की कोपरे काळे, आणि लगेच कुणीतरी म्हणतंच, लेन्स खराब हाय, देऊन टाका. लेन्स खराब नसते हो, ही भूमिती आहे.

फ्रेम ३६ बाय २४ मिमी, मध्यापासून कोपरा २१.६ मिमी लांब. साधी लेन्स फिल्मपासून २४ मिमीवर धरली तर कोपऱ्याकडं प्रकाश ४२ अंशांनी तिरका जातो. आता या कोनाचा कोसाइन (त्रिकोणमितीतला एकाहून लहान आकडा) घ्या, प्रकाशाला त्यानं चारदा गुणावं लागतं. कोपरा लांब, आणि अंतराच्या वर्गानं प्रकाश घटतो, इथं दोन कोसाइन गेले. लेन्सचं गोल भोक कोपऱ्यातून बघितलं तर तिरक्या धरलेल्या ताटलीसारखं लंबगोल दिसतं, तिसरा गेला. शिवाय फिल्मवर प्रकाश तिरका पडून जास्त जागेत पसरतो, चौथा. ४२ अंशांचा कोसाइन ०.७४, त्याचा चौथा घात ०.३०, म्हणजे मध्याच्या एक तृतीयांशाहून कमी प्रकाश!

एसएलआरमध्ये (लेन्समधलंच दृश्य आरशानं डोळ्याला दाखवणारा कॅमेरा) आरशाला जागा लागते म्हणून वाइड लेन्स रेट्रोफोकस असते (फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीनं १९५० मध्ये आणलेली रचना), तिच्यातून प्रकाश फिल्मपासून लांबून निघतो, तिरकेपणा कमी, म्हणून एवढं नुकसान होत नाही. पण एफ १.४ ला लेन्सच्या नळीच्या कडाही तिरका प्रकाश अडवतात. हे दुसरं नुकसान एफ ४ पर्यंत बरंचसं जातं, भूमितीचं मात्र भोक बारीक करून जात नाही.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढं आहे. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) लेन्सचाही प्रकाश कोपऱ्यात कमी पडतो, पण फोटोच्या कागदावर प्रकाश कमी म्हणजे जागा उजळ, त्यामुळं कॅमेऱ्यानं काळा केलेला कोपरा एन्लार्जर थोडा भरून काढतो. स्लाइडला हे नशीब नाही, ती थेट प्रोजेक्टरमध्ये जाते, प्रोजेक्टरचाही उजेड कोपऱ्यात कमी, म्हणजे अंधारावर अंधार.

आणि एक. गणपती विसर्जनाच्या रात्रीच्या फोटोत कोपऱ्यातल्या दिव्यांना पंख फुटलेले दिसले की ते 'दैवी तेज' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्याला कोमा म्हणतात, तिरके किरण एका बिंदूत जुळत नाहीत एवढंच, आणि अ‍ॅस्फेरिकल (ज्याचा पृष्ठभाग गोलाचा भाग नसतो अशा) भिंगानं ते कमी होतं.

बसदीत मी सांगेन एफ २.८ ठेवा, १/८ सेकंद, कोपर छातीला घट्ट आणि श्वास धरून. कमळ मधोमध घ्या आणि उजेडाचं माप कमळावरच घ्या, कोपऱ्यावर नको, कारण स्लाइडवर एकदा पांढरं जळालं की त्यातलं कोरीवकाम परत मिळत नाही.