चिऱ्याच्या घरात 60 गिगाहर्ट्झ: ‘आता एकही वायर नको’ हे खरं नाही

‘नव्या वेगवान वायरलेसमुळे टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं वायरीविना चालेल,’ असं 2012च्या आसपास 60 गिगाहर्ट्झ लहरींवर चालणारं वायगिग हे वायरलेस तंत्र आल्यापासून ऐकू येतं. सेकंदाला सुमारे 7 गिगाबिटचा त्याचा कमाल वेग खरा, पण एकाच खोलीत, समोरासमोर. या लहरींची लांबी जेमतेम 5 मिलिमीटर. मधे माणूस आला तरी सिग्नल तुटतो.

कोकणात अडचण मोठी. चिरे ज्या जांभा दगडाचे, तो सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. म्हणून ओटीवरच्या राउटरचं 5 गिगाहर्ट्झ वायफाय माजघर ओलांडून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत क्षीण होतं. 2.4 गिगाहर्ट्झचं हळू, पण जास्त आत जातं. त्यात राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल (लहरींचा छोटा पट्टा) 1, 6 किंवा 11च निवडा, चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ.

4के चित्रपटाला सेकंदाला 25 मेगाबिट पुरतात! तेवढ्यासाठी महागडा राउटर कशाला? मागच्या खोलीपर्यंत कॅट-6 ही नेटवर्कची केबल ओढा (100 मीटरपर्यंत चालते) आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलमधून आलेलं इंटरनेट वायफायने देणारं यंत्र) लावा. केबल शुद्ध तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची टोकं खाऱ्या हवेत लवकर खराब होतात. रिपीटर (वायफाय सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) मात्र सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवू नका, त्याला पुढे पाठवायला काही मिळतच नाही.