ट्रिकल चार्जिंग (ठिबक चार्जिंग)

ट्रिकल चार्जिंग म्हणजे बॅटरीला अगदी बारीक करंट सतत देत राहणं. करंट एवढाच की नुसती पडून राहिल्याने बॅटरी रोज जेवढी उतरते तेवढं भरून निघावं. नाशिककडच्या माणसाला हे फार समजवावं लागत नाही, द्राक्षबागेतलं ठिबक आठवलं की झालं, म्हणून या नोंदीत ठिबक हाच शब्द पुढेमागे येतो. पण त्याच उपमेत एक गोष्ट लोक विसरतात, की बाग पार सुकल्यावर नुसत्या ठिबकवर ती उभी राहत नाही, आधी मोकळं पाणी सोडावं लागतं. उतरलेल्या बॅटरीचंही तसंच आहे, आणि या विषयातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

शब्दाचा उगम. याबद्दल दोन मतं दिसतात. एक म्हणजे टेलिफोन एक्सचेंज आणि वीजकेंद्रांतल्या राखीव बॅटऱ्या कायम भरलेल्या ठेवायच्या पद्धतीतून हे आलं, आणि दुसरं म्हणजे १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या घरगुती रेडिओला लागणारी ६ व्होल्टची बॅटरी रात्रभर हळूहळू भरणारे छोटे चार्जर निघाले, त्यांच्यामुळे शब्द रुळला. पद्धत बहुधा आधीची आणि शब्दाचा प्रसार रेडिओवाल्यांचा असं धरणं जास्त पटतं. कारण एक्सचेंजमध्ये जे चालायचं त्याला नीट बघितलं तर फ्लोट म्हणायला हवं, म्हणजे व्होल्टेज बांधून ठेवायचं आणि करंट बॅटरीला हवा तेवढा घेऊ द्यायचा. जुन्या ट्रिकलमध्ये करंट ठरलेला, व्होल्टेज कुठे जाईल तिकडे जाईल. आज दुकानात ट्रिकल चार्जर म्हणून जे मिळतं ते बरेचदा आतून फ्लोटच असतं, त्यामुळे हा फरक पुस्तकी वाटतो, पण जुना साधा चार्जर हातात असेल तर तो अजिबात पुस्तकी नाही.

रसायन. शिसं-आम्ल (लेड-ॲसिड) बॅटरी, म्हणजे गाड्यांत नेहमी असते ती, गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली. बॅटरी उतरताना आत काय होतं यावर मात्र बराच काळ वाद चालला. ग्लॅडस्टोन आणि ट्राइब या रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ साली मांडलं की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फेरी या फ्रेंच संशोधकाने निगेटिव्ह प्लेटवर वेगळंच सल्फेट होतं असं म्हटलं, पण आम्ल किती खर्च होतं ते मोजल्यावर जुनंच मत जुळतं असं बहुतेकांनी मानलं आणि इथेही तेच धरलंय. ठिबकशी याचा संबंध थेट आहे. हे सल्फेट ताजं असताना बारीक असतं आणि करंट दिला की परत विरघळतं, पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडली की त्याचे मोठे कडक स्फटिक होतात, यालाच सल्फेशन म्हणतात आणि मग चार्जर कितीही लावा, प्लेट पहिल्यासारखी होत नाही.

व्होल्टेज आणि हवामान. १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा सेल, आतले सहा कप्पे. भरलेली आणि काही तास निवांत ठेवलेली बॅटरी मल्टीमीटरवर साधारण १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की उतरलीच म्हणायची. फ्लोट पद्धतीच्या ठिबकचं व्होल्टेज २५ अंशाला १३.५ ते १३.८च्या दरम्यान ठेवतात, आणि तापमान वाढलं की ते कमी करायचं असतं, ढोबळमानाने दर अंशाला दर सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट. म्हणजे तोच चार्जर नाशिकच्या मे महिन्यात चाळीस अंशाला १३.२च्या आसपास हवा आणि निफाडला डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशाला टेकलेला असताना १४ला लागून. स्वस्तातल्या चार्जरला यातलं काही कळत नाही. थंडीत सेल्फ लागला नाही की लोक थंडीला नावं ठेवतात, पण बॅटरी खरी मेलेली असते उन्हाळ्यात, कळतं फक्त डिसेंबरात. तापमान दहा अंशाने वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि प्लेटांची झीजही वाढते.

बर्फाळ देशांत उलटं. कॅनडा, अलास्काकडे स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) उन्हाळाभर शेडमध्ये पडून असते आणि पहिल्या बर्फाला चालू होत नाही. तिथला वेगळा धोका म्हणजे उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि उणे आठ-दहा अंशाच्या आसपासच गोठतं, पूर्ण भरलेलीचं उणे पन्नासच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. गोठलेली बॅटरी चार्जिंगला लावायचीच नाही. आपल्याकडे ही वेळ गुलमर्गला येऊ शकते, निफाडला नाही.

उतरलेली बॅटरी भरणं. रीत साधी आहे. आधी क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट देऊन भरायची, मग ठिबकवर सोडायची. बाइकच्या ५ एएच (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) बॅटरीला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. हीच बॅटरी थेट ५० मिलिअँपिअरच्या ठिबकवर लावली तर चार-पाच दिवस लागतात, आणि १ अँपिअरच्या चार्जरवर ट्रॅक्टरची ८८ एएचची लावली तरी तेवढेच. बॅटरीवाल्याकडे "रात्रभर राहू द्या, सकाळी या" म्हणतात ते दहाव्या भागाच्याच हिशोबाने, तिथे एका मोठ्या चार्जरवर चार-सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये ओळीने लावलेल्या असतात, झाकणं उघडी, आतून बारीक बुडबुड आवाज येत असतो. बॅटरी फारच खाली गेली असेल तर स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाही, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि माणूस चार्जर बिघडला समजतो. तेव्हा थोडा वेळ चांगली बॅटरी पॅरलल जोडून, प्लसला प्लस मायनसला मायनस, व्होल्टेज वर आणतात.

साधा चार्जर मात्र कधी थांबायचं ते ठरवत नाही. या नोंदीच्या लेखकाने जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरवर स्कूटरची बॅटरी तीन रात्री विसरून पाहिलंय, झाकण उघडलं तर पाणी प्लेटांच्या खाली आणि वरच्या कडा पांढऱ्या. उघड्या प्लेटा झाकतील एवढंच डिस्टिल वॉटर आधी घालतात, बाकीचं चार्जिंगनंतर, आणि नळाचं पाणी कधीच नाही. बुडबुड्यांमधून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून बंद खोलीत नको, आणि चिमटे लावून झाल्यावरच स्विच चालू करायचा.

नाशिक भागातला वापर. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा ट्रॅक्टर रोज फवारणीला चालतो तेव्हा त्याला ठिबक लागत नाही, पडून राहायचे महिने खरे अडचणीचे, त्यात जीपीएस बसवला असेल तर तो गुपचूप करंट खात राहतो. साधा उपाय म्हणजे मायनसची वायर काढून ठेवणं. शहरात बीएस-६ या प्रदूषण नियमानंतरच्या बऱ्याच बाइकना किकच नाही, त्यामुळे पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीला घरगुती ठिबक चार्जर लावणारे वाढलेत.

लिथियम बॅटरीला शिसं-आम्लचा चार्जर, विशेषतः सल्फेशन काढायच्या मोडवर, लावत नाहीत.