फिनलंडमधील लुकिओ: इयत्तांविना उच्च माध्यमिक शिक्षण, प्रवेश आणि कागदपत्रे

फिनलंडमध्ये ९ वर्षांचे मूलभूत शिक्षण पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला व्यावसायिक शिक्षण किंवा ‘लुकिओ’ हे सामान्य उच्च माध्यमिक शिक्षण निवडावे लागते, आणि २०२१ पासून शिक्षण १८ वर्षांपर्यंत सक्तीचे असल्याने पुढील जागेसाठी अर्ज करणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्यच ठरते.

लुकिओमध्ये इयत्ता नाहीत, म्हणजे तेथे गुणही नसतात, असा गैरसमज होऊ शकतो. गुण असतात, ४ ते १० या श्रेणीत, आणि ४ म्हणजे अनुत्तीर्ण. नसते ती इयत्ता. वर्षाचे बहुधा पाच सत्रखंड पडतात आणि प्रत्येक खंडाचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या निवडीनुसार बदलते, त्यामुळे गणिताच्या एकाच तासाला नुकताच आलेला आणि दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी शेजारी बसलेले दिसतात. एखादा अभ्यासघटक राहिला, तर तेवढाच पुन्हा द्यायचा. वर्ष वाया जात नाही. आपल्याकडे एका विषयापायी अख्खे वर्ष गमावलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे मोल सांगावे लागणार नाही.

मात्र ही मोकळीक अमर्याद नाही. किमान १५० श्रेयांक (क्रेडिट) मिळवावे लागतात. बहुतेक जण ३ वर्षे घेतात. ४ वर्षांहून अधिक काळ हवा असल्यास सबळ कारण द्यावे लागते. प्रत्येकाची वैयक्तिक अभ्यासयोजना असते, ती समुपदेशकासोबत आखली जाते आणि तिच्यातच वर्षातून दोनदा होणाऱ्या राष्ट्रीय अंतिम परीक्षेचे नियोजनही असते. त्या परीक्षेत किमान ५ विषय द्यावे लागतात, आणि ते सलग तीन परीक्षाकाळांत विभागता येतात. माझ्या मते समुपदेशकाची भेट ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण निवडी चुकल्या तर शेवटच्या वर्षी अवघड विषय एकदम अंगावर येतात.

अर्ज वसंत ऋतूतील सामाईक प्रवेशप्रक्रियेत, ‘ओपिंतोपोल्कु’ या सरकारी संकेतस्थळावर, पसंतीक्रमाने भरला जातो. निवड प्रामुख्याने मूलभूत शिक्षणाच्या प्रमाणपत्रातील सैद्धांतिक विषयांच्या सरासरीवर होते. एखाद्या विषयावर विशेष भर असलेल्या काही शाळा प्रवेशचाचणीही घेतात. फिनलंडमध्येच शिकलेल्यांचे गुण नोंदवहीतून थेट येतात, त्यामुळे त्यांना गुणपत्रिका जोडावी लागत नाही. परदेशातून गेलेल्या कुटुंबांनी, त्यात मराठी कुटुंबेही आली, मुलाच्या शाळेचे प्रमाणपत्र आणि आवश्यक असल्यास त्याचे अधिकृत भाषांतर तयार ठेवावे. अध्यापनाची भाषा मुलाला पुरेशी येते का, हेही पाहिले जाते. भाषा किंवा पूर्वतयारी कमी पडत असल्यास २०२२ पासून सुरू झालेले ‘तुवा’ हे पूर्वतयारी शिक्षण घेता येते. जागा मिळाल्यावर ती मुदतीत स्वीकारावी लागते. सक्तीच्या शिक्षणाच्या वयोगटातील विद्यार्थ्यांना शिक्षण, पुस्तके आणि आवश्यक संगणक विनामूल्य मिळतो.