सहभागिता, ख्रिस्ती

ख्रिस्ती मंडळीतील माणसांनी एकमेकांना धीर, आधार आणि बोध देण्याची रीत. प्रस्तुत नोंद सातारा-सांगली भागातील मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुरती आहे.

संज्ञा : मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’, अर्थ वाटा असणे, भागीदारी. मराठी पवित्र शास्त्रात तो कुठे ‘सहवास’ (प्रेषितांची कृत्ये २:४२), तर कुठे ‘सहभागिता’ (१ योहान १:३) असा येतो. धीर देण्याला ग्रीकमध्ये ‘पाराक्लेसिस’, म्हणजे शब्दशः जवळ बोलावणे. दिलासा आणि समज हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात मावतात. मराठीत मात्र त्यांची वाटणी झाली. पौलाच्या पत्रात ‘सांत्वन’ आले (२ करिंथ १:३-४), आरंभीच्या मंडळीतला बर्णबा ‘बोधपुत्र’ ठरला आणि त्याच धातूचा ‘पाराक्लेटोस’ (पवित्र आत्म्याचे नाव) योहानाच्या शुभवर्तमानात ‘कैवारी’ झाला. व्यवहारात या वाटणीचा त्रास होतो : बोध म्हटले की धीर मागायला आलेल्याला प्रवचन मिळते.

उगम : ही सहभागिता जिथे चालते त्या घरोघरच्या प्रार्थनासभेचे मूळ काही जण मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या वर्गसभांत (ब्रिस्टल, १७४२, सुमारे बारा जणांचा गट) शोधतात, काही जण वारकरी भजनी मंडळांत. साचा मिशनचा आणि गाणे इथले, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले; सांगलीत प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे १८८४ च्या सुमारास आले आणि मिरजेत डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशन सोडून साताऱ्यास आले. तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांचे निधन १९१९ मध्ये झाले, पण त्यांची भजने आजही सभांतून गायिली जातात.

सभेची रीत : संध्याकाळी सतरंजी अंथरून, पेटी आणि झांजेवर दोन गीते; मग वचन (शास्त्रातील उतारा), साक्ष (स्वतःचा श्रद्धेचा अनुभव), प्रार्थनेसाठी विनंत्या आणि प्रार्थना. तासाभरात आटोपलेली सभा बरी. दहा-बारांहून अधिक माणसे जमली की लाजरी माणसे बोलत नाहीत. विनंतीत नाव आणि गरज एवढेच सांगावे. तपशील आला की दुसऱ्या दिवशी गल्लीत तोच विषय असतो. चहावर थांबावे. पोह्यांवरून जेवणावर गेलेली सभा गरीब घरे पुढे टाळू लागतात.

आजाऱ्याकडे दोघांनी जावे, खाटेच्या पायथ्याशी नव्हे तर उशाकडे बसावे, एखादे स्तोत्र (बहुधा २३ वे) हळू वाचावे आणि दहा मिनिटांत उठावे. रोगाचे नाव विचारू नये. मोठी प्रार्थना आजाऱ्याला थकवते.

मरणाच्या घरी चूक होते ती बोलण्यात. पवित्र शास्त्रातील दुःखग्रस्त ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सारे ठीक होते (ईयोब २:१३). तोंड उघडल्यावर त्यांनी त्याचाच दोष काढला. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य पहिल्या दिवशी कोणी उच्चारू नये. त्यापेक्षा भाकरी-पिठल्याचा डबा न्यावा, मुलांना शाळेत सोडावे, आणि भेटायला येणाऱ्यांसाठी चहाचे आधण शेजारच्या घरी ठेवावे.