गरम हब, गार पाणी

राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने दोन्ही आकडे कधीच मागे टाकले होते. तेव्हापासून पाऊस लागला की बोटींची चौकशी सुरू होते. इंजिन चालू करून बघतात, लाइफ जॅकेटं मोजतात, दोरखंड तपासतात. बोट ज्या ट्रॉलीवर बसून जाते, तिच्या चाकांकडे मात्र सहसा कुणी वाकून बघत नाही. वर्षभर शेडमध्ये एकाच जागी उभी असलेली ही ट्रॉली जुलैत एक दिवस जीपमागे लागते, शिरोळच्या दिशेने ताशी साठच्या वेगाने धावते आणि पोहोचली की तशीच पाण्यात उतरते. परत आल्यावर चाकाच्या आतल्या बाजूला काळपट, चिकट ओघळ दिसतो. 'ऑईल सील गेलंय' असं म्हणून नवं सील बसवलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच चाकाला तोच ओघळ येतो.

सील खरोखरच गेलेलं असतं, प्रश्न एवढाच की त्याला घालवलं कुणी.

चाकाच्या मधोमध हब असतो. त्याच्या पोटात दोन निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. अशा टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतलं आणि त्याची मूळ रचना आजही ओळखू येईल इतकी तशीच आहे. बाहेरचं तोंड टोपीने बंद होतं. आतलं तोंड मात्र असं बंद करता येत नाही, कारण तिथून स्थिर ॲक्सल आत शिरतो आणि हब त्याच्याभोवती फिरतो. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागामधली ही फट सांभाळायचं काम सीलकडे असतं. लोखंडी कड्यावर घट्ट बसवलेलं रबर, त्या रबराची धारदार ओठासारखी कडा आणि ती कडा ॲक्सलवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार.

ही कडा ॲक्सलवर कोरडी घासत नाही. रबर आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, साधारण एका मायक्रॉनच्या घरातला. ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये हा थर दाखवून दिला, तेव्हा साहजिकच पुढचा प्रश्न आला: मध्ये तेल आहे, तर ते गळत का नाही? उत्तर ओठाच्या आकारात आहे. तेलाच्या बाजूला त्याचा उतार तीव्र असतो, हवेच्या बाजूला मंद. त्यामुळे चाक फिरताना रबराच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे अशा रीतीने ताणले जातात, की बाहेर निघू पाहणारं तेल ते पुन्हा आत ढकलतात. चांगलं सील हा खरं तर एक चिमुकला पंप असतो. तो उलटा बसवला तर पंपही उलटा चालतो आणि ग्रीसमधलं तेल इमाने-इतबारे बाहेर काढतो.

आता बोटीच्या ट्रॉलीचं वेगळेपण. रस्त्यावर धावताना बेअरिंगमधल्या घर्षणाने आणि ब्रेक असतील तर त्यांच्या उष्णतेने हब तापतो. समजा तो ६० अंशांवर गेला. आतल्या मोकळ्या जागेत ग्रीससोबत थोडी हवा असते, तीही तापते आणि प्रसरण पावून जमेल तिथून थोडी निसटते. ट्रॉली २५ अंशांच्या पाण्यात उतरली की हबचं लोखंड झपाट्याने गार होतं आणि राहिलेली हवा आकसू बघते. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन आणि २५ अंश म्हणजे २९८. भागाकार केला तर दाब साडेदहा टक्क्यांनी उतरतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे हवेचा दाब अंदाजे ९५ किलोपास्कल. त्याचे साडेदहा टक्के म्हणजे १० किलोपास्कल, म्हणजेच एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब.

चाक पाण्यात अर्धा मीटर बुडालं असेल, तर खोलीमुळे सीलवर येणारा दाब ५ किलोपास्कल असतो. हब गार झाल्यामुळे येणारी ओढ त्याच्या दुप्पट. म्हणजे पाणी आत घुसतं त्यात नदीचा वाटा एक तृतीयांश आणि हबच्या स्वतःच्या श्वासाचा दोन तृतीयांश. थंड हब त्याच पाण्यात बुडवला तर तो बऱ्याचदा कोरडा राहतो, याचं कारण हे आहे.

त्यात सीलच्या ओठाची दिशा नेमकी या कामाच्या विरुद्ध असते. मुख्य ओठ आतल्या बाजूला तोंड करून असतो, कारण त्याला ग्रीस राखायचं आहे. आतून दाब आला तर तो ॲक्सलला अधिक घट्ट बिलगतो, बाहेरून दाब आला तर उचलला जातो. आतून बाहेर जाणाऱ्याला अडवणारा आणि बाहेरून आत येणाऱ्याला वाट देणारा हा दरवाजा रस्त्यावरच्या गाडीला पुरतो, पाण्यात जाणाऱ्या ट्रॉलीला नाही. म्हणून अशा ट्रॉलीला दुहेरी ओठाचं सील वापरतात, त्यातला दुसरा ओठ बाहेर तोंड करून असतो आणि पाणी-गाळ अडवतो. दुकानात मापावर बसणारं एकेरी सील स्वस्तात मिळतं आणि तेच बसवलं जातं. फरक पैशात अगदी किरकोळ आहे, इथे काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी आत गेलं की पुढचं सगळं सावकाश घडतं. ग्रीस म्हणजे धातूच्या साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. त्यात पाणी घोटलं गेलं की ते दुधाळ, चहाच्या रंगाचं होतं आणि पातळ पडतं. पातळ झालेलं ग्रीस ओठाखालून ओघळतं आणि तो ओघळ बघून आपण सीलला दोष देतो. त्याहून वाईट गोष्ट ट्रॉली उभी असताना होते. पूर ओसरला, ट्रॉली शेडमध्ये लावली, आता ती वर्षभर हलणार नाही. रोलर जिथे रेसला, म्हणजे ते ज्यावरून फिरतात त्या पोलादी कड्याला, टेकलेले असतात तिथे पाण्याचा अंश गंज धरतो. नंतर बेअरिंग उघडलं तर रेसवर रोलरच्या अंतराने आखल्यासारखे काळे पट्टे दिसतात. अशा बेअरिंगचा घरघराट नवं सील घालून थांबणार नाही, बेअरिंग आणि रेस दोन्ही बदलावे लागतात.

मग ओघळ दिसल्यावर बघायचं काय? आधी तो ग्रीसचाच आहे ना, याची खात्री करावी. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या ट्रॉलीत ब्रेक ऑईलही त्याच जागी गळतं आणि धुळीत मिसळून सारखंच काळं दिसतं. थेंबभर पुसून पाण्याच्या वाटीत टाकावं. नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक ऑईल पाण्यात विरघळून जातं, ग्रीसचं तेल तवंग धरून वर तरंगतं. ब्रेक ऑईल निघालं तर हबचं काम बाजूला ठेवून आधी व्हील सिलिंडर बघायचा. आणि ग्रीस असो की ब्रेक ऑईल, ते ब्रेक लायनरवर पोहोचलं असेल तर नुसतं पुसून भागत नाही.

रंगही बरंच सांगतो. दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी. जळकट वासाचं, काळं आणि पातळ म्हणजे हब जास्त तापलाय. साबण मागे राहून नुसतं स्वच्छ तेल पाझरत असेल, तर दोन न जुळणारी ग्रीसं एकत्र झाल्याची शंका घ्यावी. लिथियमच्या ग्रीसवर पॉलियुरियाचं भरलं की अनेकदा जाळी मोडते आणि तेल सुटं होतं. हे फार घडतं, कारण ग्रीस गनमध्ये आधी काय भरलं होतं ते कुणालाच आठवत नसतं.

जॅक लावून चाक वर घ्यावं, वर-खाली धरून हलवून बघावं. टक-टक जाणवलं तर बेअरिंगला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, जास्त आहे. हब ॲक्सलवर डुगडुगत असेल तर रबराचा ओठ त्याच्या मागे मागे धावू शकत नाही, एका बाजूला फट पडते आणि दुसऱ्या बाजूला तो झिजतो. उलट नट जास्त आवळला असेल तर बेअरिंग तापतं आणि सगळं चक्र तिथूनच सुरू होतं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं म्हणजे रोलर नीट बसतात, मग नट सैल करून पुन्हा हाताने टेकेल इतकाच आवळायचा आणि स्प्लिट पिन घालायची. अशा हबमध्ये हवा तेवढा प्ले मिलिमीटरच्या दशांश-शतांशात असतो. तो जाणवायचा जेमतेम, पण शून्य असता कामा नये.

सील काढल्यावर ते लगेच फेकू नये. त्याचा ओठ बघावा. एका ठिकाणी चिरलाय? तर बसवताना ॲक्सलच्या आट्यांवर घासला असणार. सगळीकडे कडक होऊन तडकलाय? तर उष्णता. नेहमीचं काळं नायट्राईल रबर साधारण १०० अंशांपर्यंत निभावतं, त्यापुढे फार दिवस नाही. स्प्रिंगच जागेवर नाही? मग सील ठोकताना ती उडाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. ओठ चांगला आहे आणि ओल सीलच्या बाहेरच्या कड्यावर आहे? तर हबच्या भोकात ओरखडा आहे, जुनं सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना पडलेला.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा: ॲक्सलचा तो पट्टा, जिथे ओठ टेकतो. नखाने चाचपून बघावं. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. मऊ रबराने पोलाद झिजवलं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ओठाखाली रुतून बसलेली पुराच्या गाळातली बारीक वाळू हे काम करते, रबर फक्त तिला धरून ठेवतं. खाचेवर कितीही महागाचं सील बसवा, ते गळणारच. यावर स्टेनलेस स्टीलची पाव मिलिमीटरहून किंचित जाड अशी तयार बाही मिळते, ती ॲक्सलवर चढवली की ओठाला नवी जागा मिळते. ते नाही जमलं तर सील एक-दोन मिलिमीटर अलीकडे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, अर्थात हबमध्ये तेवढी जागा असेल तर.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथची कमी नाही, त्यामुळे ॲक्सल थोडा घासून घ्यायचा मोह इथे सहज होतो. त्यात एक गंमत आहे. लेथच्या हत्याराने पृष्ठभागावर अतिशय बारीक सर्पिल रेघा उमटतात. डोळ्याला जागा गुळगुळीत वाटते, पण ओठाखाली त्या रेघा स्क्रूच्या आट्यांसारख्या वागतात आणि फिरण्याच्या दिशेप्रमाणे तेल एकीकडे सरकवतात. ट्रॉलीची डावी आणि उजवी चाकं आपापल्या ॲक्सलच्या टोकाकडून बघितलं तर एकमेकांच्या उलट फिरतात. दोन्हीकडच्या रेघा एकाच हाताच्या असतील तर एका चाकाचं ग्रीस आत ढकललं जातं आणि दुसऱ्याचं बाहेर. दोन्हीकडे एकच सील, एकच मिस्त्री, तरी एकाच बाजूला गळती, हे कोडं कधी कधी असं सुटतं. शेवटचा हात पॉलिश पेपरचा द्यावा आणि पेपर ॲक्सलला काटकोनात धरावा, पुढे-मागे सरकवू नये.

नवं सील घेताना जुन्यावरचे आकडे वाचावेत. ४५×६२×८ असं असेल तर पहिला आकडा ॲक्सलचा व्यास, दुसरा हबच्या भोकाचा, तिसरा जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने माप ॲक्सलचं घ्यावं, झिजलेल्या रबराचं नाही. बसवताना ओठाला ग्रीस चोपडायचं, कोरडा ओठ पहिल्या किलोमीटरभरातच भाजतो. आणि सपाट ठोकळा ठेवून सरळ ठोकायचं. तिरकं बसलेलं सील बघताना बरोबर वाटतं आणि फिरताना गळतं.

काही हबच्या टोपीत स्प्रिंगवर बसलेला पिस्टन असतो. ग्रीस भरलं की तो आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला ३ पौंडांच्या आसपास अधिक ठेवतो, म्हणजे साधारण दोन मीटर पाण्याइतका. वर काढलेल्या दीड मीटरच्या हिशेबाला (हबच्या ओढीचा एक, खोलीचा अर्धा) हे पुरून उरतं, म्हणून ही युक्ती विज्ञानाला धरून आहे. तिची वाट लावतो तो ग्रीस गनचा दांडा. 'अजून दोन पंप मार' या सवयीने पिस्टन शेवटापर्यंत जातो, मग पुढचा दाब थेट मागच्या सीलवर येतो आणि ते जागेवरून उखडतं. अशा वेळी चाकाच्या आत ग्रीसचा अक्षरशः सडा पडलेला असतो. पिस्टन थोडा बाहेर आला की थांबायचं.

उरतो तो मूळ उपाय, गरम हब पाण्यात न घालण्याचा. हौसेच्या बोटिंगला हे सोपं आहे, काठावर पोहोचून अर्धा तास थांबलं की काम झालं. पुरात अर्धा तास कुणाकडे नसतो. शिवाय तिथे बोट उतरवायला बांधलेला उतार नसतो, जिथे रस्ता पाण्यात शिरतो तिथूनच उतरायचं. रस्त्याचा उतार इतका मंद असतो, की बोट तरंगेपर्यंत ट्रॉली लांबवर मागे न्यावी लागते आणि तोवर जीपची मागची चाकंही तुंबलेल्या पाण्यात गेलेली असतात. तेव्हा बचावाच्या कामात हब भिजणार हे धरूनच चालावं. हवेच्या रबरी बोटी चार जणांनी उचलून पाण्यात ठेवता येतात, तिथे ट्रॉली कोरड्यावरच ठेवावी. जड फायबरच्या बोटींना दुसरा मार्ग नाही. त्यांच्या ट्रॉलीचे हब पूर ओसरल्यावर, शेडमध्ये लावण्याआधी, उघडून धुऊन नव्या ग्रीसने भरावेत. हे काम पुढच्या जूनमध्ये करण्यात फारसा अर्थ नाही, गंजाला मधले आठ-नऊ महिने मिळालेले असतात.

दुरुस्तीनंतर ट्रॉली दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी आणि थांबल्या थांबल्या प्रत्येक हबला जपून हात लावून बघावा. सगळे सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर आधी त्या चाकाचा ब्रेक धरून राहिलाय का ते बघायचं. ब्रेक मोकळा असेल तर त्याचा नट पुन्हा उघडायचा.